रिपोर्ट नॉर्मल, जीव बेजार

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी ५२ वर्षांची आहे, नागपूरला मानेवाड्याकडे राहते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण समज पूर्ण आहे. त्यांचं आंघोळ-जेवण, पॉट, कपडे सगळं मीच करते. रात्री चार-पाच वेळा उठावं लागते. हाक मारता येत नाही म्हणून त्यांच्या उशाशी स्टीलची वाटी ठेवली आहे. काही लागलं की डाव्या हातानं पलंगाच्या पाइपवर ठकठक करतात. परवा दुपारी ओट्यावरून दुसरीच वाटी पडली, तर मी पोळी तव्यावर तशीच टाकून त्यांच्या खोलीत पळत गेली. त्या घोरून राहिल्या होत्या.

वर्षभरापासून पोटात जळजळ, मान आखडलेली, दर महिन्याला सर्दी. पहाटे तीनला जाग येते तेव्हा छाती इतकी धडधडते की कूलरच्या आवाजातही ऐकू येते. बीपी कधी १५०/९४, कधी १२४/८०. ईसीजी, टूडी इको, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, थायरॉइड, शुगर सगळं नॉर्मल. मानेसाठी मेडिकलमधून एक गोळी आणते, दिवसाआड चहासोबत घेते. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." गाडीवर घरी येताना मिस्टर म्हणाले, "पाहा, तुझं मनाचं आहे." तेव्हापासून काही दुखलं तरी मी बोलत नाही. मुलगा पुण्याला, नणंद अमरावतीला.

एवढंच सांगा, मी सोंग करून राहिली का? मनानं शरीर खरंच बिघडते का?

— रात्रपाळीवाली

ताई,

आधी उत्तर, मग बाकीचं. तुम्ही सोंग करत नाही. जळजळ खरी आहे, धडधड खरी आहे, मान खरीच आखडली आहे. मन बिघडलं की शरीर बिघडतं, हेही खरं. पण तुमच्या बाबतीत 'मन' लिहिण्याआधी मला 'झोप' हा शब्द लिहावासा वाटतो. त्याकडे येतेच.

'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य मीही दवाखान्यात बसून तीस वर्षं म्हटलं आहे. बाहेर बाकावर वीस पेशंट खोळंबलेले, समोर रिपोर्ट स्वच्छ, काय लिहून द्यावं सुचत नाही, अशा वेळी ते आपसूक तोंडातून निघतं. टेन्शन म्हणजे काय पाहुण्यांकडचा चहा आहे, नको म्हटलं की सुटलो? तुमच्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही, तपासण्या त्यांनी नीट केल्या आणि मोठा आजार नाही हे कळणंही अर्धं औषधच असतं. पण रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच, की जे शोधलं ते सापडलं नाही. दुर्बिणीतून पोटाचं अस्तर दिसतं, तिथली सूज दिसते, जखम दिसते. तिथल्या नसा किती हळव्या झाल्यात ते दिसत नाही. ईसीजीत दहा सेकंदांचं हृदय उमटतं, आणि तो तुम्ही बहुधा दुपारी बाराला काढला असेल. पहाटे तीनला तिथे कोण होतं?

आता ती ओट्यावरची वाटी. तुमच्या सगळ्या पत्रात मला तीच महत्त्वाची वाटली.

वाटी पडली. ती ओट्यावरची की पलंगाजवळची हे तुम्हाला उमगायच्या आत मेंदूतल्या एका बदामाएवढ्या भागानं घंटा वाजवली. निरोप मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींपर्यंत गेला, ॲड्रेनलिन रक्तात उतरलं. ठोके वाढले, बीपी चढलं, यकृतानं जपून ठेवलेली साखर सोडली, मान-खांदे ताठ झाले. पोटाकडचं रक्त पायांकडे वळलं, कारण पळायच्या वेळी पचनाचं कोणाला पडलंय! हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी हे सगळं १९१५ मध्येच लिहून ठेवलं. संकट आलं की लढायला किंवा पळायला शरीर असं तयार होतं. तुम्ही पळालात.

शरीराचं यात काही चुकलं नाही. बोलावणं आलं, ते धावलं. पण बोलावणी किती? रात्रीत पाच धरली तर दोन वर्षांत साडेतीन हजारांच्या वर जातात. एवढ्या वेळा झोपेतून दचकून उठल्यावर शरीर तो आवाज पाठ करतं. मग स्टीलवर स्टील आपटलं की झालं, ते नळाखालचं पातेलं का असेना. म्हणजे बघा, दिवसभर भांड्यांत वावरणारी बाई, आणि तिच्या शरीरासाठी भांड्यांचा आवाज हीच धोक्याची घंटा. ती दिवसातून कितीदा मनातल्या मनात दचकत असेल ते तिलाही मोजता येणार नाही.

पहाटे तीनचंही असंच. कॉर्टिसॉल नावाचं एक संप्रेरक आहे. मध्यरात्रीच्या सुमारास ते सगळ्यात कमी असतं, उत्तररात्री चढायला लागतं आणि उठल्यानंतर अर्ध्या तासात सगळ्यात वर जातं. दिवस ढकलायला लागणारं इंधनच म्हणा. उत्तररात्रीची झोपही पातळ असते. अशा वेळी कान आधीच वाटीकडे लागलेला असेल तर जाग येते ती एकदम खडबडून, धडधडत. आणि बीपी? ते झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरायला हवं. हृदयाला, रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. तुमची झोपच तुकड्या-तुकड्यांची, ते उतरणार कधी?

पोटाचं सांगते. आपल्या बोलण्यात 'पोटात ठेवणं' हा शब्द उगाच आला नाही. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि मेंदूशी त्याची सतत ये-जा चालते. ताणाच्या दिवसांत ॲसिड फार वाढतंच असं नाही, पण तेवढ्याच ॲसिडची आग जास्त होते. आणि तुम्ही तर त्या गाडीवरच्या वाक्यापासून बोलणंच बंद केलंय. दुखणं अंगावर काढायचं आणि बोलणं पोटात ठेवायचं, दोन्हीकडून कोंडी.

सर्दीचं म्हणाल, तर १९९१ मध्ये शेल्डन कोहेन यांनी धडधाकट माणसांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून पाहिलं. ज्यांच्यावर ताण जास्त, त्यांना लागण होण्याचं प्रमाण जास्त. पण मला तुमच्यासाठी दुसराच अभ्यास आठवतो. १९९५ चा, अमेरिकेतल्या ओहायोचा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची घरी सेवा करणाऱ्या तेरा बायका घेतल्या, आणि त्याच वयाच्या, अशी जबाबदारी नसलेल्या तेरा. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, एकसारखी जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहत राहिले. दुसऱ्या गटाची जखम साधारण ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्या बायकांना त्याच जखमेसाठी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास लहान आहे, कबूल. पण मी तो वाचला तेव्हा मला माझी आई आठवली. आजोबा अंथरुणाला खिळले होते त्या तीन वर्षांत तिच्या टाचेची भेग कधी भरलीच नाही. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, चप्पल घालत नाही म्हणून!

आपल्या आज्या म्हणायच्या, "त्यानं हाय खाल्ली." डॉक्टर झाल्यावर मी त्यावर हसायचे. मग कळलं की जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये नेमकी अशीच गोष्ट नोंदवून ठेवली आहे. जबर धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा खालच्या बाजूनं फुगतो, ऑक्टोपस धरायच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नावच ताकोत्सुबो. छाती हार्ट अटॅकसारखीच दुखते, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तो आणणारा अडथळा सापडत नाही. बहुतेक पेशंट पाळी थांबलेल्या बायका असतात, आणि बहुतेक जणी काही आठवड्यांत सावरतात. घाबरू नका, तुमचा टूडी इको चांगला आहे, तुम्हाला हे झालेलं नाही. हे लिहिलं ते मिस्टरांसाठी. 'मनाचं आहे' म्हणून गाडीचा गियर बदलणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

आता उलटी बाजू, कारण सगळंच मनावर ढकलून चालत नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा पोटातल्या अल्सरचं कारण एका दमात सांगायचो, 'हरी, वरी, करी'. घाई, काळजी आणि झणझणीत रस्सा. सावजी खाणाऱ्या नागपूरकरांना तर ते पटायचंच. मग ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये पोटातल्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन दाखवलं आणि अल्सरमागे बहुतेक वेळा जंतू असतो हे हळूहळू जगानं मान्य केलं. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तोवर किती जणांना "काळजी सोडा" सांगून घरी पाठवलं असेल, देव जाणे. माझ्याही हातून झालंय. धडधड, थकवा, चिडचिड घेऊन आलेल्या एका बाईंना मी दोनदा 'घरच्या कटकटी' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांची खालची पापणी ओढून पाहिली, तर कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन सात. घरच्या कटकटी होत्याच, पण त्यांना लोहाच्या गोळ्या हव्या होत्या आणि माझी पाच मिनिटं.

म्हणून तुमच्या यादीतलं मला काय खटकतं ते सांगते. सगळ्यात आधी ती मानेची गोळी. (आपल्या गावात 'मेडिकल' म्हणजे सरकारी दवाखानाही आणि कोपऱ्यावरचं औषधाचं दुकानही. तुम्ही दुकानच म्हणताय असं धरते.) बहुतेक वेदनाशामक गोळ्या पोट जाळतात, दुर्बिणीत काही दिसत नसलं तरी जाळतात. शिवाय त्या बीपीही चढवतात. दिवसाआड, वर्षभर, बहुधा अनशापोटी चहासोबत! तुमच्या दोन तक्रारींचा बराचसा हिशेब तिथेच लागेल असं मला वाटतं. गोळीची पट्टी डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बंद ठेवा. मानेला गरम पाण्याची पिशवी लावा.

दुसरं, तुमच्या तपासण्यांच्या यादीत हिमोग्लोबिन आणि बी-१२ नाही. करून घ्या. तिसरं, पाळीबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाही. बावन्नाव्या वर्षी रात्री जाग येणं, धडधडणं, एकदम अंग तापून घाम फुटणं हे पाळी थांबतानाचंही असू शकतं. त्यात नागपूरचा मे महिना, घाम उन्हाचा की पाळीचा हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांशी एकदा बोला, त्यावर इलाज आहे. बीपी आठवडाभर घरीच मोजा, सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसल्यावर, आणि वहीत लिहा. सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर निघाली तर ते बीपीच. मग कारण ताण असो की आणखी काही, त्याला इलाज लागेल.

आणि हे लक्षात ठेवाच. चालताना, जिना चढताना छाती भरून येणं, जबड्यात, पाठीत किंवा हातात कळ जाणं, दम लागून दरदरून घाम सुटणं, असं झालं तर 'मनाचं असेल' म्हणत बसायचं नाही, लगेच १०८. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा छातीत मूठ आवळल्यासारखा येत नाही, ॲसिडिटीच्या वेशात येतो. डांबरासारखी काळी शी, घास अडकणं, कारणाशिवाय वजन उतरणं यालाही थांबायचं नाही.

हे झालं डॉक्टरकीचं. पण खरं औषध झोप आहे. मी तुम्हाला प्राणायाम लिहून देणार नाही. करत असाल तर करा, श्वास सावकाश सोडला की ठोके उतरतात हे खरं आहे, नाडीवर बोट ठेवून तुम्हालाच कळेल. पण पाच वेळा उठवल्या जाणाऱ्या बाईला 'सकारात्मक राहा' सांगणं म्हणजे गळक्या टाकीला रंग देणं. तुम्हाला आठवड्यातून दोन रात्री सलग झोप हवी. दार बंद करून. हा हक्क आहे वगैरे मी म्हणत नाही, मी ते औषध म्हणून लिहितेय. डोस, आठवड्यातून दोनदा.

त्याआधी त्या पाच वेळांचं काय ते पाहू. सासूबाई रात्री का उठवतात? लघवीला? मग त्यांच्या बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, आणि ती संध्याकाळी दिली जाते का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. तसं असेल तर ती सकाळी हलवण्यानं एक-दोन हेलपाटे कमी होतात. स्वतःहून मात्र वेळ बदलू नका. लघवीची तपासणी करा, म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्ग गुपचूप असतो. पोट साफ होतं का? संध्याकाळी सहानंतरचा चहा बंद. आणि दुपारी त्या घोरत होत्या हे तुम्हीच लिहिलंय! दुपारी दोन-तीन तास झोपलेलं माणूस रात्री जागंच असणार. दुपारी त्यांना अर्ध्या तासाच्या वर झोपू देऊ नका. खुर्चीत बसवा, खिडकीशी न्या, निवडायला शेंगा द्या डाव्या हातात.

आणखी एक. पाचही वेळा त्यांना काहीतरी लागतंच का? लकव्यानंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला नैराश्य येतं. ज्या बाईची वाचा गेली, अर्धं अंग गेलं, तिला रात्रीचा अंधार कसा वाटत असेल! एखादी ठकठक 'आहेस ना गं?' एवढीच असेल. झिरोचा दिवा लावून पाहा. त्यांच्या डॉक्टरांना त्यांच्या मनाबद्दलही विचारा, लकव्याच्या पेशंटला त्यासाठीही औषध देतात.

आता दोन रात्री कोणाच्या? मिस्टरांच्या. 'त्यांना नोकरी आहे' हे तुमच्या ओठावर आलेलं मला इथून दिसतंय. तुम्हालाही आहे, रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही, साप्ताहिक सुटीशिवाय. फक्त सांगताना 'मला फार त्रास होतो हो' असं सांगू नका. त्याचं उत्तर 'तुझं मनाचं आहे' हेच येणार. सरळ वार सांगा. "शुक्रवार-शनिवार रात्री आई तुमच्याकडे, मी मागच्या खोलीत झोपणार. डॉक्टरांनी लिहून दिलंय." माझं नाव खुशाल पुढे करा. अमरावती काही लंडन नाही, नणंदबाईंना महिन्यातून चार दिवस मागा. त्यांना जमत नसेल तर ब्युरोतून रात्रीची बाई ठेवायचा खर्च मुलानं आणि नणंदेनं मिळून उचलावा. पैसे मागायला लाज वाटते? मला सांगा, तुम्ही दोन वर्षांत वाचवले किती त्यांचे?

भाऊ, तुम्ही हे वाचत असाल तर एवढंच. तुमच्या आई आज व्यवस्थित आहेत त्या तुमच्या बायकोच्या झोपेच्या जिवावर. ती पडली तर तुमच्या घरात दोन पलंग लागतील. दोन रात्री उठून पाहा. आईला साफ करायला मुलाला अवघड वाटतं, समजू शकते. पॉट द्यायला, पाणी पाजायला, कूस बदलायला, 'आहे मी, झोप' म्हणायला अवघड वाटायचं कारण नाही.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ खोडली आहे. दोनदा रेघ मारलीत, पण वाचता येते. "कधी कधी वाटते सुटका व्हावी, त्यांचीही न् माझीही."

ती ओळ तुमच्या पत्रात मी छापली नाही. पण तिच्याबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही, म्हणून इथे घेतली. अंथरुणावरच्या माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या कित्येक बायकांनी, पुरुषांनीही, दार लोटून, आवाज खाली करून मला हेच सांगितलंय. ज्यांनी सेवेत काही कसर सोडली नाही त्यांनी तर हमखास. त्या वाटण्यानं तुम्ही वाईट सून होत नाही. माया, वैताग आणि 'आता पुरे' हे एकाच मनात एकाच वेळी राहतं. पण तो वैताग कुठे गेला? नवऱ्यावर निघाला नाही, नणंदेवर नाही, सासूबाईंवर तर नाहीच. मानेत गेला, पोटात गेला.

आपल्या गावाला हे कळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडेचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघतात आणि सबंध इतवारी-महाल घसा फोडून ओरडतो, "रोगराई, इडापीडा घेऊन जा गे मारबत!" पुढाऱ्यांचे, महागाईचे बडगे, म्हणजे थट्टेचे पुतळे, निघतात, कोणाला कोणी थांबवत नाही. वर्षातून एकदा का होईना, जे आत साचलंय ते रस्त्यावर आणून जाळायची सोय आहे. तुम्ही मात्र कागदावरसुद्धा खोडून टाकता. खोडू नका. अमेरिकेत जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं सगळ्यात जड ते लिहायला लावलं. लिहिताना ती रडवेली झाली, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचं दवाखान्यात जाणं इतरांपेक्षा कमी झालं. चमत्कार नाही, नंतरच्या अभ्यासांत फायदा बेताचाच दिसला. पण वहीला पैसे लागत नाहीत. लिहा आणि हवं तर फाडून टाका.

एक प्रश्न मात्र सरळ विचारते, कारण तो न विचारणं हा आम्हा डॉक्टरांचा जुना भित्रेपणा आहे. 'माझीही सुटका' म्हणजे थोडी उसंत, की आपला जीव जावा असं कधी वाटतं? दुसरं असेल, एकदा जरी मनात येऊन गेलं असेल, तर आजच १४४१६ लावा. टेली-मानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री तीनलाही कोणीतरी उचलतं. घरातल्या एकाला तरी सांगा. पहिलं असेल तरी मनोविकारतज्ज्ञांना एकदा भेटा असंच म्हणेन. मेडिकल आणि मेयो, आपल्या दोन्ही सरकारी दवाखान्यांत तो विभाग आहे, बाकीच्या ओपीडीसारखीच ओपीडी, तसाच केसपेपर. 'मानकापूरला पाठवा', म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असल्या थट्टेनं आपल्याकडे निम्मी माणसं घरीच राहतात. मन आणि पोट यांच्यातली वायर एकच असल्यामुळे मनासाठीची काही औषधं अगदी कमी डोसमध्ये पोटाच्या दुखण्यालाही देतात, हेही माहीत असू द्या.

आता जाता-जाता बाजारातून एक वस्तू आणा. रिमोटची बेल मिळते. बटण एका खोलीत, भोंगा दुसऱ्या खोलीत. बटण सासूबाईंच्या डाव्या हाताशी, उशीच्या अभ्र्याला पिन करून. भोंगा पाच रात्री तुमच्याकडे, शुक्रवार-शनिवार मिस्टरांच्या उशाशी. त्यातले वेगवेगळे सूर वाजवून पाहा आणि भांड्यासारखा न वाजणारा निवडा. पहिल्या शुक्रवारी तुम्हाला झोप लागणार नाही, आत्ताच सांगते. तीनला डोळा उघडेल, कान दाराशी जातील, भाऊंना नीट जमतंय का हे पाहायला पाय शिवशिवतील. उठू नका. दुसऱ्या शुक्रवारी पण उठू नका. महिनाभरानं बीपीची वही घेऊन मला पुन्हा लिहा.

ती वाटी स्वयंपाकघरात परत आणू नका. इतवारीत भांड्यांच्या दुकानात मोडीत देऊन टाका.